सहीपुरता पंतप्रधान

त्या रोमानियन म्हाताऱ्याचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. माणूस स्वभावाने वाईट नव्हता. रोज सकाळी माझ्या केबिनमध्ये यायचा, स्वतःच्या हाताने चहा करायचा, मलाही द्यायचा, आणि मला साखर किती लागते हे कधी विसरला नाही. पण त्याने मला एक गोष्ट सांगितली आणि ती निम्मीच सांगितली. उरलेली निम्मी सांगितली तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. आता, आधी सांगितली असती तर मी काय मोठे दिवे लावणार होतो, असं कोणी विचारेल, आणि ते बरोबरच आहे. म्हणूनच राग जास्त येतो.

अबू धाबीच्या रुवैसला रिफायनरीत आमच्या कंपनीकडे शटडाउनचं काम होतं. प्लांटचा एक भाग बंद ठेवायचा आणि ठरलेल्या दिवसांत दुरुस्ती उरकायची. एक दिवस वाढला तरी वरपासून खालपर्यंत सगळ्यांची झोप उडते. मी तिथे कंत्राटदाराचा सेफ्टी सुपरवायझर. डिप्लोमा करून आलो तो इथलाच झालो, चोवीस वर्षं झाली. बायको आणि मुलगी दुबईला, इंटरनॅशनल सिटीतल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. मी आठवडाभर रुवैसच्या कॅम्पात, शुक्रवारी दुपारी बसने घरी. रोमानियन हा क्लायंटचा, म्हणजे रिफायनरीवाल्यांचा सल्लागार, साठी उलटलेला. आमच्या सगळ्या कागदांवर खाली माझी सही आणि माझ्या सहीखाली त्याची.

चहा पिताना तो त्याच्या देशातल्या एका पंतप्रधानाची गोष्ट सांगायचा. कम्युनिस्ट राजवट होती तेव्हाचा. नाव त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रोज थोडी थोडी सांगायचा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, मधूनच हसत. देशाचा खरा मालक पक्षाचा प्रमुख. हा पंतप्रधान म्हणजे दोन नंबरचा, सहीपुरता.

मुळात तो कारखान्यातला साधा कामगार. यंत्रावर उभा राहणारा, हाताला तेलाचा वास असणारा. पक्षात गेला, पक्षाच्या शाळेत गेला, मग जिल्ह्याचा पुढारी, मग मंत्री, मग थेट पंतप्रधान. एवढा वर चढला कसा, तर त्याने आयुष्यात कधी ‘का?’ असं विचारलं नाही. सभेत टाळ्या पहिल्यांदा त्याच्या वाजायच्या आणि थांबायच्याही सगळ्यात शेवटी. पुढे देशात इंधन वाचवायचं ठरलं. ऐन हिवाळ्यात घरं किती गरम ठेवायची याचा आकडा सरकारने ठरवून दिला. त्या हुकमावर सही याची. लोक घरात कोट, टोप्या घालून बसायचे, गॅसची ज्योत नखाएवढी, म्हातारी माणसं अंथरुणातून उठायची नाहीत. ज्याने स्वतः कारखान्यातली थंडी सोसली होती, त्याने आकड्याखाली सही केली आणि पुढचा कागद ओढला.

शेवटी लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा त्यांची समजूत घालायला यालाच पुढे केलं. लोकांनी मागण्या सांगितल्या. हा म्हणाला, वरती विचारून सांगतो.

हे सांगताना रोमानियन मांडीवर थाप मारून हसायचा. “वरती! पंतप्रधानाला वरती!” मग राजवट कोसळली, तो तुरुंगात गेला, आजारी पडला, सुटला, आणि साध्या माणसांच्या इमारतीत राहून म्हातारा झाला. रोमानियनने त्याला पेन्शनच्या रांगेत पाहिलं होतं, जुना ओव्हरकोट घातलेला. कोणी शिवी दिली नाही, कोणी जागाही दिली नाही.

मला ही गोष्ट इतकी आवडली की मी ती घरोघरी सांगत सुटलो. दुबईत ऊद मेथाला आमच्या मराठी मंडळींचं हळदीकुंकू होतं, बायका आत, पुरुष बाहेर कॉफी घेऊन उभे. तिथेही सांगितली. सगळे खो खो हसले, कारण प्रत्येकाच्या ऑफिसात असा एक सहीपुरता पंतप्रधान होताच. एकाने आपल्या फायनान्स मॅनेजरची नक्कल करून दाखवली. मी त्या दिवशी भलताच भाव खाऊन गेलो.

माझी मुलगी तेव्हा बारावीला. इथेच वाढलेली, मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते. गाडीत बसल्यावर म्हणाली, “बट बाबा, ही वॉज द प्राइम मिनिस्टर. हू वॉज ही सो स्केअर्ड ऑफ?”

मी म्हटलं, “वरच्याला.”

“अँड इफ ही जस्ट डिडन्ट साइन?”

“तुला नाही कळायचं ते,” असं म्हणून मी रेडिओ लावला. लेकीच्या साध्या प्रश्नाला असं उडवून लावणारा बाप मला दुसऱ्या कुणात दिसला असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते.

आता माझ्या कामाचं सांगतो. ऑगस्टात रुवैसला समुद्राची दमट हवा आणि वरून ऊन, दोन्ही एकदम अंगावर येतात. भर दुपारी उघड्यावर काम बंद ठेवायचा सरकारी कायदा आहे आणि तो आम्ही पाळतो, कारण तपासणी होते. प्रश्न सकाळचा असतो. दर तासाला सेफ्टीवाल्याने उष्म्याचं मीटर घेऊन जागेवर जायचं, आकडा बघायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा आणि त्याप्रमाणे झेंडा लावायचा. हिरवा म्हणजे काम चालू. पिवळा म्हणजे सावकाश, मध्ये मध्ये विश्रांती. लाल म्हणजे सगळे खाली, सावलीत. नियम चोख आहे. असा नियम लिहिणाऱ्याला नावं ठेवायला जागा नाही.

आम्ही काय करायचो? सकाळी सातला केबिनमध्ये बसून दुपारच्या सुट्टीपर्यंतचे सगळे आकडे एकदम लिहून टाकायचो. सात वाजताचा अमुक, आठचा त्याहून थोडा जास्त, नऊचा आणखी थोडा, म्हणजे खरं वाटावं. अकराचा आकडा लालच्या एक घर अलीकडे. मीटर बिचारं ड्रॉवरमध्ये, एसीत, गारेगार. हे मी एकटा करत नव्हतो, माझ्या आधीच्याने मला तसंच शिकवलं होतं. सकाळभर मीटिंगा असतात, परमिटं असतात, क्लायंटची फेरी असते. तासातासाला उन्हात जाऊन यायला वेळ कुणाला आहे? ही सबब मी इतक्या वेळा दिली आहे की आता झोपेतसुद्धा देईन.

त्या दिवशी नऊला मी खाली परांचीजवळून जात होतो. परांची बांधणाऱ्या टोळीत आमच्या रत्नागिरीकडचा एक माणूस होता. तिशी ओलांडलेला, काटक, सहा वर्षं याच कामावर. मला बघून थांबला. मराठी बोलायला मिळतं म्हणून तो नेहमीच थांबायचा.

“साहेब, आज काय खरं नाय. डोकं गरगरतंय. लाल लावायला नको का?”

मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “मीटर हिरवं दाखवतंय.”

“तुम्ही बघितलंत ना? मग ठीक आहे.”

“यल्ला, पाणी पी आणि जा वर. अर्ध्या तासात तुमचं लेव्हल संपतंय.”

तो पाणी प्यायला आणि वर गेला. आणखी काही विचारलं नाही. आपल्या मुलखातला माणूस आपल्या भाषेत सांगतोय, मीटर बघून सांगतोय, मग विचारायचं काय! त्याच्या जागी मुंबईचा एखादा शहाणा असता तर म्हणाला असता, दाखवा मीटर. याने माझ्यावर भरवसा ठेवला, एवढीच त्याची चूक.

काम लांबलं, आणि साडेदहाच्या सुमारास तो वरच्या फळीवर कोसळला. पट्टा लावलेला होता म्हणून खाली आला नाही, लटकून राहिला. टोळीतल्यांनी खाली उतरवला तेव्हा अंग भट्टीसारखं तापलेलं आणि घाम एक थेंब नाही. ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी धावत केबिनमध्ये आलो. माणूस जगेल का, हा पहिला विचार माझ्या मनात आला असं मी तुम्हाला सांगू शकलो असतो. नाही आला. मी पहिल्यांदा रजिस्टर उघडलं आणि दहाच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघितलं. हिरवा. माझ्या अक्षरात, माझी आद्याक्षरं, सकाळी सातच्या शाईत.

तो जगला. मूत्रपिंडाला मार बसला होता, पण सावरला. तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी घरी जायला हरकत नाही म्हटलं. दरम्यान आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने चौकशी उरकली. चौकशी म्हणजे काय, तर मला बोलावून समोर कागद ठेवला.

“देखो, रीडिंग नॉर्मल है. फ्लॅग ग्रीन है. तो प्रॉब्लेम साइट का नहीं, आदमी का है. उसने मेडिकल कंडिशन छुपाया. रिपोर्ट कल तक क्लोज होना चाहिए. खलास.”

“त्याने काही लपवलं नाही, सर. दर वर्षी मेडिकल पास झालाय.”

“तो फिर रीडिंग गलत है? तुम्हारा साइन है उस पे.”

मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आज इतका संताप येतो की हे लिहिताना पेन दाबलं जातंय.

त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात त्याला भेटायला गेलो. हाताला सुई, ओठ फुटलेले. मला बघून उठायला लागला. म्हणाला, “झेंडा हिरवा होता ना साहेब? म्हणजे माझंच काहीतरी बिघडलं असणार. पण मी काय लपवलं नाय हो. ते इथले विचारत होते, आधीपासून आजार होता का म्हणून. तुम्ही सांगा त्यांना. मी खोटारडा नाय. मला परत यायचंय कामाला, इथे नाय तर दुसऱ्या कंपनीत. खोटं बोलला असं कागदावर गेलं तर कोण घेईल मला?”

मी सांगतो म्हणालो. इन्शाल्लासुद्धा म्हणालो. ते मला फार जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोमानियन चहा करायला आला, तेव्हा मी दार लावून त्याला सगळं सांगितलं. आकडे सातलाच लिहिले होते, मीटर ड्रॉवरमध्ये होतं, त्या माणसाला मी खोटं बोलून वर पाठवलं. नियमाप्रमाणे चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, शेजारी ‘मोजलं नाही’ असं लिहायचं आणि सही करायची. मी करायला तयार आहे, तू खाली सही करशील का? तू क्लायंटचा माणूस आहेस, तुझी सही असली तर मला कोणी दाबू शकणार नाही. असं मी त्याला विचारलं.

त्याने माझ्या चहात साखर घातली, कप पुढे सरकवला. मग त्याने गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. तो तरुण इंजिनिअर होता तेव्हा त्याची नोकरी होती घरोघरी जाऊन थर्मामीटर लावायची. घरं ठरलेल्या आकड्याइतकी गरम आहेत की नाहीत, हे तपासायचं. पहिला आठवडा त्याने खरे आकडे लिहिले. साहेबाने बोलावून घेतलं, फक्त विचारलं, तुझं थर्मामीटर बिघडलंय का? तेव्हापासून तो थर्मामीटर पिशवीतून बाहेरच काढायचा नाही. दारात उभा राहून ठरलेला आकडा लिहायचा. आतली बाई शाल गुंडाळून त्याच्याकडे बघत असायची. ते तक्ते वरवर चढत गेले आणि तो पंतप्रधान भाषणात म्हणाला, आमची घरं उबदार आहेत.

“आईची पेन्शन आणायला गेलो होतो, रांगेत मी त्याच्यामागे तिसरा होतो,” तो म्हणाला. “त्याला विचारायचं होतं, तुला लाज वाटली का? पण त्याने उलट विचारलं असतं, आकडे कोणी लिहिले? म्हणून नाही विचारलं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा महिने हा माणूस मला हसवत होता! मांडीवर थापा मारत होता! मी ओरडलो, “मग आता तरी कर ना सही! तुझ्याकडे दुसरी संधी चालून आलीय!”

त्याने कप धुतला, पालथा ठेवला. डिसेंबरात त्याचा करार संपत होता, मुलीचं घर बांधायचं चाललं होतं. म्हणाला, तुझी सही असली की मी खाली करतो, जशी असेल तशी. आधी तू ठरव.

म्हणजे चेंडू पुन्हा माझ्याकडेच. आणि मी काय केलं? मुलीचं कॉलेजचं वर्ष तोंडावर आलंय, व्हिसा कंपनीचा आहे, पन्नाशीकडे झुकल्यावर दुसरी नोकरी कोण देणार, हे सगळं मी त्या दिवशी दुपारभर स्वतःला सांगितलं. सगळं खरं होतं. चार वाजता मी मॅनेजरच्या कागदावर सही केली. पाच वाजता त्याखाली रोमानियनची सही आली. रजिस्टरमधला आकडा आजही हिरवा आहे.

रत्नागिरीच्या त्या माणसाला परत पाठवायच्या दिवशी कॅम्पच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर इंग्रजी पत्र, दोन पानी. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की कागद कळत नसला की आपल्या भाषेचा माणूस शोधायचा, तो वाचून दाखवेल त्यावर सही करायची. त्याने आजूबाजूला बघितलं, मी दिसल्यावर चेहरा खुलला.

“साहेब, तुम्हीच वाचा. आपल्या माणसाने वाचलं की बरं वाटतं.”

मी वाचलं. एकेक वाक्य मराठी करून, सावकाश. नेमणूक कधी झाली, काम काय होतं, अमुक दिवशी प्रकृती बिघडली. दुसऱ्या पानावर ती ओळ आली, कामगाराने आपला पूर्वीचा आजार कंपनीपासून लपवला होता. माझी जीभ तिथे क्षणभरही अडली नाही, याचीच मला सगळ्यात जास्त चीड आहे. मी ती ओळ गाळली आणि पुढची वाचली. तब्येतीच्या कारणाने सेवेतून मोकळं करत आहोत, पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा.

“लपवलं वगैरे काय नाय ना?” त्याने विचारलं.

“नाही.”

त्याने देवनागरीत, एकेक अक्षर काढत सही केली. माझा हात दोन्ही हातांत धरला. “तुम्ही होतात म्हणून,” म्हणाला. टोळीतल्यांनाही त्याने जाताना सांगितलं की साहेबांनी माझ्यासाठी भांडून कागद नीट करून घेतला. त्यानंतर त्या टोळीतली पोरं मला लांबूनही सलाम करायची. मी मान हलवून घ्यायचो.

रोमानियन डिसेंबरात गेला. जाताना त्याने मला चहाचा डबा दिला. मी तो उघडला नाही, फेकलाही नाही.

मार्चमधली गोष्ट. शुक्रवारी दुपारी मी घरी आलो आणि आम्ही तिघं ड्रॅगन मार्टला गेलो होतो, मुलीला हॉस्टेलसाठी बॅग घ्यायला. ती चाकं फिरवून बघत होती, बायको म्हणत होती, “अहो, ही हलकी आहे, पण टिकेल का?” तेवढ्यात फोन वाजला. भारतातला नंबर. रत्नागिरीचा तो माणूस होता. मुंबईत एका एजंटच्या ऑफिसात बसला होता. कतारचं काम आलं होतं, सगळं जमत आलं होतं, आणि एजंटने आमच्या कंपनीचं पत्र मागून वाचलं होतं.

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. आवाज अगदी हळू, आजूबाजूला माणसं असताना बोलतात तसा.

“साहेब, हे म्हणतात यात लपवलं म्हणून लिहिलंय. दुसऱ्या पानावर. तुम्ही वाचलंत तेव्हा ती ओळ नव्हती काय?”

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

“नंतर कोणी घातली असेल का? तुमचा शब्द चालतो तिथे. तुम्ही एक कागद लिहून द्याल का, की ह्याने काय लपवलं नाय? हे पाच वाजेपर्यंत थांबतो म्हणतात. साहेब?”

मुलगी बॅगेचं हँडल धरून माझ्याकडे बघत होती. माझ्या फोनचा आवाज मोठा असतो, तिला सगळं ऐकू गेलं होतं. आणि मराठी तिला बोलता येत नसलं तरी कळतं पूर्ण.

मी फोनवर म्हणालो, “वरती विचारून सांगतो.”